मामाच्या खिशातली चिठ्ठी

माझा मामा बसस्थानकावरच्या चौकशीच्या खिडकीत एकोणतीस वर्षं बसला. डेपोतले लोक त्याला ‘टाइमटेबल’ म्हणायचे. जाळीपलीकडून कुणी गावाचं नाव अर्धं उच्चारलं, की हा मान वर न करता सांगायचा, “सात नंबर, पाच-चाळीस.” घरीही तीच तऱ्हा. जेवायला कधी बसताय, असं मामीने विचारलं की उत्तर यायचं, “आठ-दहा.” स्वतः मात्र तो कुठे म्हणून गेला नाही. घर ते डेपो, डेपो ते घर, आणि लग्नकार्य निघालंच तर मामीच्या मागोमाग.

निवृत्त झाल्यावर तो गॅलरीत बसून खालून जाणाऱ्या बसचे नंबर मोठ्याने वाचायला लागला. महिनाभर मामीने ते ऐकून घेतलं.

“अहो, जन्मभर लोकांना गाड्यांत बसवलंत. आता स्वतः बसा की एखाद्या गाडीत.”

“तू येतेस?”

“माझे गुडघे नाही म्हणतायत. तुम्ही जा. चांगले लांब जा.”

मग मी त्याला माझी पाठीवरची सॅक दिली, फोनवर नकाशा कसा बघायचा ते तीनदा शिकवलं, आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी आमचा मामा एकटा विमानात बसून अशा देशात जाऊन पोचला, जिथली भाषा त्याच्या कानावरून कधी गेलीही नव्हती.

हॉस्टेलच्या खोलीत तीन दुमजली पलंग होते. मामाच्या वाट्याला नेमका वरचा आला. शिडीवर त्याची झालेली फजिती काउंटरवरच्या मुलीने दारातून पाहिली आणि काही न बोलता त्याची चादर उचलून खालच्या पलंगावर टाकली. मामाने तिला तोडक्यामोडक्या इंग्रजीत थँक्यू म्हटलं. त्या दिवशी तो कुणाशी बोलला तो तेवढाच एक शब्द.

कारण मामाला विचारता येत नव्हतं. इतकी वर्षं सांगण्यात गेलेली. विचारणाऱ्याच्या जागी उभं राहायचं म्हटलं की त्याची जीभच उचलेना. दुसऱ्या दिवशी तो बाजार शोधत चार तास चालला, टाचेला फोड आला, आणि बाजार हॉस्टेलच्या मागच्याच गल्लीत निघाला.

फोनवर मामी म्हणाली, “कुणाला विचारलं का नाहीत?”

“विचारायचं काय त्यात? सापडला ना शेवटी!”

तिसऱ्या दिवशी तळं बघायला म्हणून तो बसमध्ये बसला आणि भलत्याच गावात उतरला. बस निघून गेली. नकाशा बघबघून फोनची बॅटरी दुपारआधीच संपली होती. रस्त्यावरच्या पाट्यांवरचं एक अक्षर वाचता येईना. समोर एक छोटं पोस्ट ऑफिस होतं. काचेमागे चष्मा लावलेली, पन्नाशीची एक बाई पार्सलांवर शिक्के मारत होती. मामा दारापर्यंत गेला आणि परत फिरला. कोपऱ्यापर्यंत जाऊन पुन्हा आला. पुन्हा पुढे गेला. चौथ्या खेपेला मात्र ऊन सोसेना, तेव्हा तो आत शिरला आणि हॉस्टेलचं कार्ड तिच्यापुढे धरून नुसताच उभा राहिला.

बाईने कार्ड वाचलं. बाहेर बोट करून काहीतरी समजावलं. मामाने समजल्यासारखी मान डोलावली. तिने चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं, हसली आणि उठली. दारावर पाटी अडकवली, कुलूप लावलं, डबा काखेत मारला आणि चालायला लागली. मामा मागून हातवारे करतोय, राहू द्या, मी जातो! ती कसली ऐकतेय? वाटेत एका कट्ट्यावर बसवून तिने डब्यातला अर्धा ब्रेड आणि एक उकडलेलं अंडं त्याला खायला लावलं. हमरस्त्यावरच्या थांब्यावर एका कागदावर चार ओळी लिहून तो कागद त्याच्या शर्टाच्या खिशात खोचला. बस आली तेव्हा तिने ड्रायव्हरशी बरंच बोलून घेतलं आणि मग कुठे ती परत फिरली.

पुढचं सगळं मामाला चमत्कारासारखं वाटलं. बस बदलायच्या ठिकाणी ड्रायव्हर स्वतः खाली उतरला आणि चिठ्ठी वाचून त्याने मामाला एका भाजीच्या पिशवीवाल्या आजींच्या ताब्यात दिलं. आजींनी त्याला शेजारी बसवून घेतलं आणि प्रत्येक थांब्याला ‘अजून नाही’ अशी मान हलवली. उतरायची वेळ आली तशी त्यांनी दारातल्या एका रंगाऱ्याला हाक मारली. त्यानेही चिठ्ठी वाचली, हसला, आणि रंगाने बरबटलेल्या हाताने मामाचा दंड धरून त्याला थेट हॉस्टेलच्या पायरीवर आणून उभं केलं. मामाने वाटेत कुणालाही अवाक्षर विचारलं नव्हतं.

“माणसं आहेत की मनकवडी?” असं म्हणत त्याने काउंटरवरच्या मुलीला चिठ्ठी दाखवली. तिने वाचली आणि तोंडावर हात धरला. मग इंग्रजीत, सावकाश, मामाला कळेल असा अर्थ सांगितला. वर हॉस्टेलचा पत्ता होता. खाली लिहिलं होतं : ‘हे गृहस्थ चांगले आहेत, पण विचारायला लाजतात. माझ्या दारावरून तीनदा परत गेले. कृपया तुम्ही आपणहून सांगा.’

मामा आधी कानापर्यंत लाल झाला. मग इतका हसला की डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते थांबेचना.

संध्याकाळी त्याने मला फोन केला. “अगं, एक आजोबा यायचे, पोतडी घेऊन. दर महिन्याला तेच गाव विचारायचे. मी म्हणायचो, ‘बोर्डावर लिहिलंय ना!’ त्यांना वाचता येत नसेल, हे मला आज सुचतंय गं.”

“पण मामा, तू हजारो लोकांना गाडी बरोबरच सांगितलीस.”

“बरोबरच सांगितलं. पण खिडकीबाहेर एकदाही आलो नाही. ही बाई जेवणाची सुट्टी सोडून माझ्याबरोबर चालली. माझी कोण होती ती?”

दुसऱ्या दिवसापासून गडी सुटला. पाणी कुठे मिळेल, बूट कुठे शिवून मिळेल, हे झाड कसलं, दिसेल त्याला विचारू लागला. कधीकधी तर ठाऊक असलेला रस्तासुद्धा. कुणी मराठीतच उत्तर देतंय असं समजून पुढे गप्पाही मारायचा. तळं त्याला पाचव्या दिवशी सापडलं, तेही शाळेतून परतणाऱ्या एका मास्तरीणबाईंना विचारून.

परत निघायच्या आदल्या सकाळी मामा मुद्दाम त्या गावी गेला. पोस्टात सहाजण रांगेत होते. मामाही उभा राहिला. नंबर आल्यावर त्याने हात जोडले आणि सरळ मराठीत म्हणाला, “बाई, तुमच्यामुळे मी पोचलो. फार उपकार झाले.” बाईने तिच्या भाषेत बरंच काही सांगितलं. त्यातलं एक अक्षर कळलं नाही, पण आपण आल्याचा तिला आनंद झालाय, एवढं मामाला नीट कळलं. तिने काउंटरची फळी उचलून त्याला आत घेतलं. आत पार्सलांचा ढीग पडला होता आणि ती एकटीच होती. मामाने बाह्या सरसावल्या. ती सुतळी ओढायची, हा गाठीवर बोट धरायचा. अशी तेवीस पार्सलं झाली. मग तिने थर्मासमधला चहा दोन कपांत ओतला.