वानखेडे काकांचे सहा मिस्ड कॉल

सांगू की नको, असं करता करता दोन उन्हाळे गेले. पण आता चहा घेऊन बसलाच आहात, तर ऐका माझा पराक्रम. अट एकच, हसायचं नाही. (हसणारच तुम्ही, ठाऊक आहे मला.)

मी मुळातच भित्री. त्यात मूल झाल्यावर तर विचारूच नका! आमची ईरा शिंकली की मला थेट न्यूमोनिया दिसतो. आणि आमच्या देवळीचा मे महिना म्हणजे सकाळी नऊला अंगणात कपडे वाळत घालावेत आणि दोरीच्या शेवटच्या टोकाला पोचेपर्यंत पहिला कपडा कडक! ही पोर मोठी होईल तेव्हा इथे काय होईल, या विचारानं माझी झोप उडायची. शेवटी नवरा वैतागून म्हणाला, "नुसती भिऊ नको. काहीतरी कर."

म्हणून मी गावातल्या हवामान गटात गेले.

गट म्हणजे आम्ही नऊ-दहा जण. शाळेतल्या भोयर मॅडम प्रमुख, आणि त्यांच्या घराचा व्हरांडा हेच कार्यालय. पावसाळ्यात झाडं लावायची, हिवाळ्यात "कपाशीच्या पऱ्हाट्या जाळू नका" म्हणत शेतकऱ्यांच्या शिव्या खायच्या. उन्हाळ्यात मात्र एकच काम, माणसं सांभाळायची. ज्याची काळजी वाटते त्याला रोज दुपारी बाराला फोन. नाही उचलला तर पुन्हा फोन. तरी नाही, तर थेट घरी धडकायचं.

माझ्या वाट्याला आले वानखेडे काका. निवृत्त तलाठी, वय अठ्ठ्याहत्तर, घरात एकटे.

"काका, पाणी प्यायलात का?"

"पेलो वं पोरी. तू पेली का?"

"उन्हात जाऊ नका हं."

"तू बी नको जाऊ. पोट्टी कशी हाय? रातच्यानं झोप लागली का तुले?"

मला वाटायचं, किती गोड म्हातारा! मी विचारते ते सगळं उलट मलाच विचारतो. फोन ठेवला की मी उगाच पदर खोचायची. एक जीव माझ्या भरवशावर आहे म्हटल्यावर जरा ऐट येणारच ना?

तर त्या दिवशी काय झालं, ईराला दात येत होते. अकरा वाजता कशीबशी झोपली. मी फोन सायलेंटवर टाकला, पाच मिनिटं तिच्याशेजारी आडवी झाले आणि डोळे उघडले ते पाऊण वाजता. फोन बघते तर वानखेडे काकांचे सहा मिस्ड कॉल!

सहा! माणूस सहा वेळा फोन कधी करतो? जीव जात असताना! ते तिकडे मदतीसाठी तडफडत होते आणि मी इकडे घोरत होते!

फोन लावला. नुसता वाजतोय. पुन्हा लावला. वाजतोय. आठव्यांदा लावताना फोन हातातून निसटून कॉटखाली गेला. तो काढून गटावर आवाजी निरोप टाकला. त्यात शब्द कमी आणि रडणं जास्त. तो ऐकून एकानं डॉक्टरांना बोलावलं आणि दुसऱ्यानं काकांच्या पुण्यातल्या मुलीचा नंबर शोधायला घेतला म्हणे.

ईराला खाली राहणाऱ्या शालूताईंच्या मांडीवर टाकलं.

"आवो, इतक्या उनात कुठी चालल्या? डोक्याले काही बांधा तं!"

कोण ऐकतंय? स्कूटी काढली ती थेट काकांच्या दारात. भोयर मॅडम आणि सायकल दुकानवाला प्रफुल्ल आधीच पोचलेले. दार आतून बंद. मी फोन लावला आणि आत, दाराच्या पलीकडे, घंटी वाजायला लागली.

"फोन अंदर वाजून राह्यला," प्रफुल्ल हळूच म्हणाला, "म्हंजे काका बी अंदरच हाय."

"तोड दार!"

"ताई, सागवानी हाय."

"तोड म्हणते ना!"

ही मी बोलत होते. भाजीवाल्याला "कोथिंबीर घालता का?" विचारताना जिचा आवाज फुटत नाही, ती मी! प्रफुल्लनं सब्बल, म्हणजे लोखंडी पहार आणली. चार दणक्यांत कडी निघाली, तिच्यासोबत चौकटीचा हातभर तुकडाही.

आत खाट रिकामी. न्हाणीघरात बघायची माझी हिंमत नव्हती. मॅडमनी बघितलं. रिकामं. फोन चार्जरला लावलेला. मग प्रफुल्ल मागे गेला आणि तिथूनच ओरडला, "ताई, मांगच्या दाराले बाहेरून नुसती कडी लावून हाय! अन् सायकल बी नाई!"

तेवढ्यात माझा फोन वाजला. शालूताई.

"आवो, एक बाबा आले सायकलनं. हातात सरबताची बाटली, खांद्यावर ओला पंचा. वर जाऊन तुमचं दार ठोकून राह्यले. म्या म्हटलं बाई बाहेर गेल्या, तं मानतच नाई! म्हंते, ते पोरगी इतकी भेकड, ह्या उनात बाहेर निंगूच शकत नाई, अंदर बेशुद्ध पडली असन. आमच्या ह्यायले म्हणून राह्यले, सब्बल आना!"

मी फोन ठेवला. मॅडमकडे बघितलं. मॅडम छताकडे बघायला लागल्या.

"अगं, ते काय झालं... काकांच्या वाट्याला तुझं नाव दिलं होतं मी."

"माझं? मॅडम, मी एकोणतीस वर्षांची आहे!"

"वयावरून नाही गं. तू दिवसाला तीस-तीस मेसेज टाकायचीस, ईराला घाम येतोय, ईराला घाम येत नाहीये... काकाच म्हणाले, ह्या पोरीकडे कोनीतरी पाहाले पायजे. मी म्हटलं, तुम्हीच बघा."

यावर मी सणसणीत काहीतरी बोलणार होते, पण खोली गरगर फिरायला लागली. सकाळपासून पाण्याचा घोट नव्हता पोटात. डोक्यावर रुमाल नव्हता. काकांच्या रिकाम्या खाटेवर मीच आडवी झाले.

भानावर आले तेव्हा डोक्यावर ओला पंचा आणि शेजारी काका, धापा टाकत, पण टुणटुणीत. काकांसाठी बोलावलेले डॉक्टर माझीच नाडी बघत होते.

"काऊन वं, फोन काऊन नाई उचलला? साहा डाव केला म्या! म्हटलं गेली आपली पोरगी!" त्यांनी सरबताचा पेला माझ्या तोंडाला लावला. "पे. सगळं पे." मग त्यांची नजर दाराकडे गेली. "अन् हे कोनं केलं?"

प्रफुल्लनं माझ्याकडे बोट दाखवलं. काकांनी चौकट बघितली, मला बघितलं आणि पेला पुन्हा भरला.

संध्याकाळी मॅडमनी गटावर लिहिलं, "आज एका व्यक्तीला ऊन लागले. वेळेत मदत मिळाल्याने प्रकृती ठीक आहे." नाव नाही, गाव नाही. लगेच टाळ्यांचा पाऊस! "ताई, काकांना वाचवलंत!" "ताई, तुम्ही होतात म्हणून!" खरं सांगायला हवं होतं. पण इतकं कौतुक आयुष्यात पहिल्यांदाच वाट्याला आलं होतं हो. मी गुपचूप नमस्काराचे दोन हात टाकून दिले.

त्याच्याखाली लगेच काकांचा निरोप आला.

"पोरगी आता बरी हाय. कोनी काळजी करू नका."