झाकणाखालचं पत्रक

अठ्ठ्याण्णव साली, बारावीत असताना, मी रत्नागिरीजवळ हातखंब्याच्या तिठ्यावर उभी राहून मुंबईच्या गाड्यांमध्ये पत्रकं वाटली. गुलाबी कागद, वर ठळक टायपात ‘व्हिजिट व्हिसावर नोकरीला जाऊ नका’, खाली सहा मुद्दे आणि सगळ्यात शेवटी आमच्या छापखान्याचा पत्ता. मजकूर बाबांचा, छपाईचे खिळेही त्यांनीच जुळवलेले, मुद्रितं तपासली मी. मांडवीत आमच्या गल्लीतला एक वेल्डर असाच भेटीच्या व्हिसावर आखातात गेला होता. पासपोर्ट मालकाने काढून घेतला आणि आठ महिने लपतछपत काम करून तो हाडं तेवढी घेऊन परत आला. बाबा त्याच्याकडे जाऊन बसले आणि रात्री पत्रक लिहून काढलं. मी लहानपणापासून अशीच पत्रकं दुमडत आले. पाढ्यांच्या आधी मला मागण्या पाठ होत्या.

चार-पाच वर्षांनी बी.एड. झाले. विज्ञान शिकवायचं होतं. ज्या दोन शाळांमध्ये जागा होती तिथे संस्थेने देणगी मागितली. ती द्यायची नाही यावर आमच्या घरात चर्चासुद्धा झाली नाही. मग मुंबईत मुलाखत देऊन मला आखातातल्या एका शाळेत नोकरी मिळाली. शाळेचा माणूस म्हणाला, “आत्ता व्हिजिटवर या, कामाचा व्हिसा महिन्याभरात करून देऊ.”

मी हो म्हणाले. घरी येऊन बाबांना सांगितलं, “कामाचाच व्हिसा आहे.”

त्यांनी कागद बघायला मागितला नाही. जगातला कुठलाही छापील कागद हातात घेऊन चुका शोधणारा माणूस. पण मुलीने सांगितलंय म्हणजे तसंच असणार. त्या विश्वासाचा मी फायदा घेतला.

निघताना आईने कुळथाच्या पिठाचा एक पत्र्याचा डबा दिला. झाकण सैल होतं म्हणून खाली छापखान्यातल्या रद्दीतला कागद घडी करून घातला होता.

शाळेत दुसऱ्याच दिवशी मला वर्गावर पाठवलं. मुलं गोड होती. पण तपासणीला सरकारी माणसं आली की शिपाई धावत यायचा आणि मला प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत बसवून बाहेरून कडी लावायचा. अशी मी तीनदा बसले, परीक्षानळ्या आणि मानवी सांगाड्याच्या तक्त्यासोबत. आत बसून मनातल्या मनात सडेतोड भाषणं करायचे. बाहेर आल्यावर सातवीला प्रकाशाचं परावर्तन शिकवायचे.

दोन महिने संपले, व्हिसा आला नाही. मुख्याध्यापिका म्हणाल्या, “थोडे दिवस बाहेर जाऊन या, तिकडे फॅक्स पाठवतो.” बाहेर म्हणजे समुद्रापलीकडचं एक बेट. माझ्यासारखे शेकडो लोक तिथे येऊन थांबत. चौदा दिवस राहायची परवानगी. तेवढ्यात नव्या व्हिसाचा फॅक्स आला तर परत नोकरीवर, नाही आला तर सरळ मायदेशी. बायकांनी डोक्यावर ओढणी घ्यायची. बायका एका इमारतीत, पुरुष समोरच्यात, मधल्या अंगणात सगळ्यांची मिळून एक चूल. रोज सकाळी हॉटेलचा माणूस आलेले फॅक्स भिंतीवर चिकटवायचा आणि सगळे आपापलं नाव शोधायचे. मी आठ दिवस शोधलं.

आठव्या दिवशी दुपारी मला घरच्या जेवणाची फार आठवण आली. भात रांधला आणि पिठीसाठी बरोबर आणलेला आईचा डबा पहिल्यांदाच उघडला. झाकणाखालचा कागद सुटून खाली पडला. गुलाबी. ‘व्हिजिट व्हिसावर नोकरीला जाऊ नका.’

आईने मुद्दाम घातला नव्हता, हे मला माहीत होतं. आमच्या घरातल्या प्रत्येक डब्याखाली, फळीवर, देव्हाऱ्यातसुद्धा कुठलं ना कुठलं पत्रक असतंच. तरीही मी तो कागद उलटा करून ठेवला आणि लसणाची फोडणी दिली.

वासावर समोरच्या इमारतीतून एक पन्नाशीचे गृहस्थ आले. डोक्यावर जाळीची टोपी.

“कुळथाची पिठी काय गो ती?”

“हो. बसा ना, चाचा.”

“कुठली तू?”

“रत्नागिरी. मांडवी.”

“मी दाभोळचा. म्हणजे शेजारीच आपण. मध्ये खाड्याच काय त्या.”

ते आखातात टगबोटीवर इंजिनाचं काम करायला आले होते. बेटावर त्यांचा अकरावा दिवस होता. दोन घास खाऊन झाल्यावर त्यांनी तो कागद उचलला, सरळ केला आणि लांब धरून वाचला.

“हा मला हातखंब्याला मिळालेला, रत्नागिरीत कामाला होतो तेव्हा. एक पोरगी देत होती. तोंड असं केलेलं, जसं काय मी तिच्या घरात चोरी केलीय.”

“ती मीच.”

चाचा खोकला येईपर्यंत हसले. “मग तू नाय वाचलास तुझा कागद?”

मला राग आला. “तुम्ही तरी कुठे वाचलात?”

“वाचला की. मग त्यात भजी बांधून घेतली. पण वाचला आधी. सगळं खरं लिवलेलं. फक्त एक ऱ्हायलं. नाय जायचं, तर करायचं काय?”

सहाही मुद्दे मला तोंडपाठ होते. त्यांत याचं उत्तर नव्हतं.

दुसऱ्या दिवशीही भिंतीवर माझं नाव नव्हतं. मी बूथमधून छापखान्यात फोन लावला. ट्रेडल मशीनचा आवाज येत होता. मी एका दमात सगळं सांगितलं, व्हिजिट, कडी, बेट. मशीन थांबलं.

“पासपोर्ट कुणाजवळ आहे?” बाबांनी विचारलं. पत्रकातला मुद्दा क्रमांक एक.

“माझ्याजवळ.”

“जेवलीस?”

“काल पिठी केली होती.”

“खोटं बोललीस ते मला आवडलं नाही.”

“हो.”

“त्याचं आपण तू आल्यावर बघू. व्हिसा नाही आला तर घरी ये. पत्रकाची लाज वाटून तिथे राहू नकोस.”

मी रडत होते, त्यामुळे विषय बदलायला चाचांचा प्रश्न सांगितला. बाबांनी तो मला पुन्हा एकदा सांगायला लावला.

“बरोबर आहे त्याचं,” ते म्हणाले. “लिही. तू लिही, मी छापतो.”

पुढचे दोन दिवस मी रद्दी फॅक्सच्या पाठीवर लिहीत बसले. जावंच लागलं तर काय करा. पासपोर्टच्या दोन प्रती दोन ठिकाणी ठेवा. कामाचा व्हिसा कधी मिळणार ते लेखी घ्या. घरी खरं सांगा. चाचा शेजारी बसून सूचना करत.

“कुळथाचं पीठ बरोबर न्या, लिही.”

“चाचा, ही काय मागणी झाली?”

“भूक मागणी नाय काय?”

मी लिहिलं. बाबा खोडतील असं वाटलं.

अकराव्या दिवशी भिंतीवर माझं नाव होतं. चाचांचं नव्हतं, आणि त्यांचा शेवटचा दिवस होता. त्यांनी पिशवी भरून ठेवली होती, तरी पुनःपुन्हा भिंतीपाशी जाऊन येत होते. संध्याकाळपर्यंत फॅक्स येऊ शकतो, असं हॉटेलचा माणूस म्हणत होता. माझं विमान दुपारचं होतं. मी उरलेल्या पिठाचा डबा त्यांच्या हातात दिला.

“डबा परत कसा देऊ गो?”

“झाकणाखाली पत्ता आहे.”

परत आल्यावर मी पत्रकाचा मजकूर, चाचांच्या हकिकतीसह, बाबांना टपालाने पाठवला आणि कामाच्या व्हिसावर शाळेत राजरोस शिकवलं. तपासणीला माणसं आली तेव्हा शिपाई सवयीने धावत आला, आणि मी खडू हातात धरून फळ्यापाशी उभी राहिले. चाचांचं काय झालं ते मात्र कळायला मार्ग नव्हता. आपण त्यांचं पूर्ण नावही विचारलं नाही, हे माझ्या लक्षात आलं.

वर्ष होत आलं तेव्हा बाबांचं पत्र आलं. दाभोळहून एक बाई एसटीने येऊन आमचा डबा देऊन गेली होती. आमच्याकडे कुणाचा डबा रिकामा परत करत नाहीत. आत सुकवलेल्या कोलंबीचे सोडे होते, आणि तळाशी परदेशी साबणाच्या दोन वड्या. ‘सोड्यांना साबणाचा वास लागला म्हणून आई कुरकुरते आहे,’ बाबांनी लिहिलं होतं, ‘पण तो साबण इकडच्या दुकानात मिळत नाही. तेव्हा तुझ्या चाचांचा फॅक्स संध्याकाळी आला असणार. झाकणाखालचा कागद त्यांनी ठेवून घेतलाय. आईने डबा घासून त्यात तुझं नवीन पत्रक घातलं. पिठाचा मुद्दा मी खोडलेला नाही.’