संशयाचा ट्रे

काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात आम्ही दोघी शेजारी शेजारी बसतो. काम एकच, बघणं. पट्ट्यावरून बाटल्या सरकत येतात, मागे पांढऱ्या उजेडाचा पडदा असतो आणि समोर स्टुलावर आम्ही. तडा, बुडबुडा, वाकडी मान, काहीही दिसलं की ती बाटली उचलायची. ऐकणाऱ्याला वाटतं, बसून तर काम आहे! म्हणावं, या एकदा बसायला. अर्ध्या तासात डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागतात. म्हणून तर अर्ध्या तासाने घंटा होते आणि जागा सोडावी लागते. थकलेल्या नजरेचं काही खरं नसतं. तिला एक तर काहीच दिसत नाही, नाही तर सगळीकडे खोटच दिसते.

माझ्या या शेजारणीला सगळा कारखाना ‘भिंग’ म्हणतो. डबा खाता खाता लांबूनच ती मुकादमांना सांगायची, तुमचं दुसरं बटण सुटायला आलंय. स्वतःच्या लग्नात, हार गळ्यात असताना, तिने फोटोवाल्याला बजावलं होतं की तुमच्या काचेवर डाग आहे. होताच. अशा बाईशी संसार करायचा म्हणजे खायचं काम नाही, पण तिचा नवरा शाळेची बस चालवतो. पन्नास पोरांचा कल्ला रोज डोक्यावर घेणारा माणूस, त्याला एका बायकोच्या नजरेचं काय?

पट्ट्याशेजारी दोन जागा असतात. उघड फुटकी बाटली डावीकडच्या पिंपात टाकायची, ती परत भट्टीत जाते. जिची नुसती शंका आली ती उजवीकडच्या लाल ट्रेमध्ये. तो संशयाचा ट्रे. त्यातली प्रत्येक बाटली मुकादम दिव्यासमोर फिरवून पुन्हा बघतात आणि मगच तिचं काय ते ठरतं. पहिल्याच दिवशी शिकवतात, शंका आली की काढ, विचार करत बसू नको. खराब बाटली पुढे गेली तर कुणाचा तरी हात कापेल. चांगली बाजूला निघाली तर फक्त मुकादमांची मान दुखेल. त्यामुळे लाल ट्रेमधल्या बहुतेक बाटल्या चांगल्याच निघतात. हे आमच्या इतकं अंगवळणी पडलंय की कुणी कुणाला सांगत नाही.

लग्नाच्या तिसऱ्या वर्षी तिला दिवस गेले. मुकादमांनी न बोलता तिच्या स्टुलावर उशी आणून ठेवली. दोन-तीन महिने सगळं सरळ चाललं होतं. मग दवाखान्यातून फोन आला, नेहमीची रक्ताची तपासणी केली होती ती ‘हाय रिस्क’ आली आहे, दोघांनी या.

तिथे काय झालं ते मला तिच्या नवऱ्याने सांगितलं. डॉक्टरबाईंनी अगदी सोप्या शब्दांत समजावलं. बाळाला डाउन सिंड्रोम असण्याची शक्यता साठात एक आली आहे, इतरांपेक्षा जास्त आहे म्हणून बोलावलं.

“म्हणजे बाळात दोष आहे?” हिने विचारलं.

“तसं मी म्हणतच नाहीये. ही तपासणी फक्त शंका सांगते. पक्कं कळायला पोटातलं थोडं पाणी सुईने काढून तपासावं लागतं. त्यात गर्भपाताचा धोका अगदी थोडा, पण असतो. करायलाच हवी असं नाही, तुम्ही दोघं ठरवा. फक्त फार उशीर करू नका.”

एवढं सगळं डॉक्टरबाई बोलल्या आणि हिने घरी काय आणलं? दोन शब्द. हाय रिस्क.

मग घरोघरचे शहाणे जागे झाले. सासूबाई म्हणाल्या, आमच्याकडे असलं कुणाचं काही नाही. आई फोनवर म्हणाली, त्या दिव्यांसमोर बसू नकोस म्हणून सांगत होते. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी तर कुठल्या तरी मैत्रिणीच्या नणंदेची रडकथा जिन्यात उभं राहून सांगितली. माझा अशा लोकांवर फार राग आहे. धीर देता येत नसेल तर निदान तोंड बंद ठेवता येतं की नाही?

नवऱ्याने आपल्या परीने समजूत घातली. “अगं, साठातली एकोणसाठ बाळं चांगली असतात.”

“आणि साठावं?” ती म्हणाली. “ते कुणाचं तरी असतंच ना?”

सुईच्या तपासणीची वेळ ठरली होती, त्या दिवशी ती गेलीच नाही. कामावर आली. मला हे कळल्यावर मी तिला कपडे बदलायच्या खोलीत गाठलं.

“सुईला घाबरलीस?”

“सुईला कोण घाबरतंय!” तिने दाराकडे बघून आवाज खाली आणला. “ताई, नऊ वर्षं मी एवढ्याशा बुडबुड्यासाठी बाटल्या फोडायला पाठवतेय. उद्या पक्कं झालं, तर मला विचारतील, ठेवायचं की नाही. मी काय सांगू?”

“बाळ म्हणजे काय बाटली आहे का गं?” मी जरा जोरातच बोलले.

“नाही ना. म्हणूनच तर.”

तेवढ्यात घंटा झाली आणि आम्ही दोघी पट्ट्याकडे गेलो.

मन चिंती ते वैरी न चिंती. चारेक दिवस ती अशीच येत राहिली, बोलणं जवळजवळ बंद. मग एका सकाळी जागा बदलायची घंटा झाली आणि ती उठली नाही. मी हाक मारली. तिने ऐकलंच नाही, हात चालू होता. बाटली उचल, लाल ट्रे. पुढची उचल, लाल ट्रे. एक ट्रे भरला, तिने पायाने दुसरा ओढला. तोही भरला. पलीकडे भरणीच्या टेबलावरच्या बायका ओरडायला लागल्या, “अगं, आम्ही काय हवा भरायची का खोक्यात?”

मुकादम आले. त्यांना त्या तपासणीचं काहीच ठाऊक नव्हतं, मी ताकास तूर लागू दिली नव्हती. त्यांनी पट्टा थांबवला, दिवा ओढला आणि उभ्या उभ्या एकेक बाटली फिरवून पट्ट्यावर परत ठेवायला सुरुवात केली. चांगली. चांगली. ही पण चांगली. आम्ही सगळ्या बघत उभ्या. कुणी हसलं नाही. शेवटी एकच बाटली त्यांनी बाजूला ठेवली, तीही बराच वेळ फिरवून.

मला वाटलं, आता बोलणी बसणार. ते म्हणाले, “एवढ्या काढल्यास त्याचं काही नाही. शंका आली की काढायच्याच असतात. पण मी बघायच्या आधीच तू रडतेस कशाला?”

तेव्हा आम्हाला दिसलं की ती रडते आहे. बहुतेक तिलाही तेव्हाच कळलं.

तिने पदराने नाक पुसलं. “मुकादम, या ट्रेमधल्या खराब किती निघतात हो?”

“हे तू मला विचारतेस?” मुकादम खरोखरच चक्रावले.

ती उठली, तोंड धुतलं आणि तिथूनच नवऱ्याला फोन लावला. “डॉक्टरबाईंकडची वेळ परत घे. लवकरात लवकरची.”

सुई टोचताना ती सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत होती, धीर सुटला तो नवऱ्याचा. शाळेची बस वळणावर वळणं घेत नेणारा माणूस, नर्सने त्याला खुर्चीत बसवून पाणी पाजलं. मग रिपोर्टची वाट बघणं आलं. ते दिवस वाईट होते, खोटं कशाला सांगू? पण ती वेळेवर कामाला यायची आणि घंटा झाली की मुकाट उठायची. एकदा हात धुता धुता म्हणाली, “काहीही आलं तरी ते माझंच आहे, एवढं ठरलंय. त्याच्या पुढचं नाही ठरलं.”

रिपोर्ट चांगला आला. फोन तिने पट्ट्याजवळच घेतला, आणि इतके दिवस तोंडातून शब्द न काढणारी आमची भिंग अशी मोठ्याने रडली की भट्टीवरचे दोघं धावत आले. आमच्या जिवात जीव आला. संध्याकाळी फाटकातून बाहेर पडताना मात्र तिने माझा हात धरला. “ताई, दुसरं काही आलं असतं तर मी काय केलं असतं, हे आता मला कधीच कळायचं नाही.”

“नको कळू दे,” मी म्हणाले. पण तिला ते पुरलं नाही, हे मला दिसत होतं.

मुलगी झाली. दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात गेले तर नवरा लेकीला घेऊन खिडकीच्या उजेडात उभा होता, अगदी आमच्या मुकादमांसारखा. सासूबाई हातापायांची बोटं मोजत होत्या. पोरीचा उजवा कान वरून किंचित दुमडलेला होता. तो मला दारातूनच दिसला, म्हणजे हिला केव्हाच दिसला असणार.

“कान बघितलास का गं?” सासूबाई सुनेला म्हणाल्या. “तुझी नजर चांगली. एकदा सगळं नीट बघून घे बाई, म्हणजे आम्ही निश्चिंत.”

नवऱ्याने लेक तिच्याजवळ आणली. तिने पोरीला छातीशी घेतलं आणि खिडकीकडे पाठ केली.

“मी रजेवर आहे,” ती म्हणाली.

आणि पोरीच्या डोक्यावर नाक टेकून तिने डोळे मिटून घेतले.