शेणामातीची पाटी

राष्ट्राचा पाया बालवाडीत घातला जातो, असे त्या काळी वरचेवर सांगितले जाई. आमच्या गावी हा पाया शेणामातीचा होता आणि दर शनिवारी तो पुन्हा घालावा लागे.

घाटंजीकडच्या त्या गावात मी पहिलीचा वर्ग घेत असे. माझ्या वर्गाला लागून एक खोली होती, तिथे बालवाडी भरे. बाई गावातल्याच, एका शेतकऱ्याच्या घरच्या. सातवी झालेल्या आणि यवतमाळला तीन महिने शिकून आलेल्या. निम्मी मुले गावातली, निम्मी शेजारच्या बंजारा तांड्यातली. पाट्यांसाठी अर्ज गेला होता. तो कुठवर पोचला याची मधूनमधून बातमी येई, पाट्या येत नसत.

बाईंनी पाट्यांची वाट पाहिली नाही. शनिवारी सुट्टीआधी त्या खोली स्वतः सारवत आणि जमीन अर्धवट वाळली की मुलांना रांगेने बसवून बोटाने लिहायला लावत. काठीला गाठोडे बांधले की व, गाठोड्याला चिंधी आवळली की ब. ते अक्षर आठवडाभर पायाखाली राही आणि मुले त्याला वळसा घालून चालत. भिंतीवर 'अ अननसाचा' असा तक्ता होता. अननस आमच्यापैकी कोणी पाहिलेला नव्हता, मीही नाही. बाईंनी सुरुवात केली ती बाटीपासून. तांड्यात भाकरीला बाटी म्हणतात.

मला हे सगळे पोरखेळ वाटे. मी बाराखडी घोकून घेणारा माणूस.

एका उन्हाळ्यात पंचायत समितीतले साहेब येत्या सोमवारी तपासणीला येणार असे कळले. मुलांना लिहिता-वाचता येते असे दिसले तर बालवाडी राहणार, नाहीतर बंद. खोलीवर सोसायटीच्या बियाण्याच्या पोत्यांचा डोळा होताच.

"बाई, सायबाले दाखवाले काही कागुद तं पाह्यजे ना," सरपंच म्हणाले.

"जमीन हाये ना, भाऊ."

त्या शनिवारी बाईंनी सारवले नाही. आदल्या शनिवारचे, मुलांचे सगळ्यांत चांगले उतरलेले लिखाण होते, ते त्यांनी साहेबांसाठी राखून ठेवले. मुलांना त्या दिवशी व्हरांड्यात बसवले.

सोमवारी सकाळी आम्ही कुलूप काढायला गेलो तर दार उघडेच. किल्ली सरपंचांकडेही असे. खोली काठोकाठ सारवलेली, अजून ओली. मधोमध टेबलक्लॉथ घातलेले टेबल आणि खुर्ची.

"आमच्या मंडळीनं पहाटेपासून केलं," सरपंच म्हणाले. "सायब येऊन राह्यले, अन् जमीन अशी खरडलेली बरी दिसते का?"

 बाई दाराच्या चौकटीला धरून नुसत्या उभ्या राहिल्या.  वर्षभर ज्याला पोरखेळ म्हटले, ते पुसले गेल्याचे मला इतके वाईट का वाटावे, हे त्या वेळी कळले नाही.

तेवढ्यात जीपचा आवाज आला. सरपंच हार घेऊन पळाले, त्यांच्यामागे आम्हीही गेलो. मुलांकडे कोणाचे लक्ष नव्हते. त्यांच्या लेखी सारवलेल्या जमिनीचा अर्थ एकच होता.

आम्ही साहेबांना घेऊन परतलो तेव्हा सगळी मुले उकिडवी बसून मागे सरकत सरकत लिहीत होती. साहेबांनी उंबऱ्याच्या आत टाकायला बूट उचलला.

"तिथं पाय नको ठेवू, सायब," तांड्यातली एक पाच वर्षांची मुलगी मान वर न करता म्हणाली. "माही बाटी हाये."

बूट तसाच मागे गेला. साहेबांनी खाली वाकून पाहिले. ट जरा लंगडा होता, पण बाटीच होती.

"वाच बरं."

तिने प्रत्येक अक्षरावर बोट ठेवून वाचले आणि ते शेणाचे बोट झग्याला पुसले.

"भाकरी का नाही शिकवत?" साहेबांनी बाईंना विचारले.

"घरी जे मागतात ते आधी, साहेब. भाकरी पुढच्या महिन्यात."

दहा वर्षे मी अक्षरे शिकवत होतो. पाय पडेल म्हणून अक्षरासाठी मोठ्या माणसाला अडवणारे मूल माझ्या वर्गातून एकही निघाले नव्हते. बाईंनी तसली वीस तयार केली होती, आणि त्या पदर खोचून कोपऱ्यातल्या मुलाला जागा करून देत होत्या.

टेबलापर्यंत जायला वाट उरली नव्हती. साहेबांनी राष्ट्राच्या पायावरचे भाषण उंबऱ्याबाहेर, उन्हात उभे राहून केले. हारही तिथेच घातला.

बालवाडी पुढच्या वर्षी चालू राहिली. शेऱ्याच्या वहीत साहेबांनी लिहिले होते: 'सर्व मुले लिहितात. जमीन ओली आहे.'