उन्हात टिकणारा गुलाब

दवाखान्याच्या माळीकाकांचे गुडघे आता बसताना कुरकुरायचे आणि उठताना बोंबलायचे. तरी गेले तीन उन्हाळे ते धुण्याच्या खोलीमागे अकरा जातींचे गुलाब कुंड्यांत लावून रोज भर दुपारी पाहत होते, कोणतं फूल तग धरतं ते. गडद लाल फुलांच्या कडा पहिल्याच दिवशी करपायच्या. विरळ पाकळ्यांची फुलं सकाळी उमलून दुपारी माना टाकायची. एक फिकट गुलाबी, जाड पाकळ्यांचं, दिसायला बेताचं फूल मात्र पाच दिवस टिकायचं. त्याची वीसेक कलमं काकांनी तयार ठेवली होती.

पण नव्या मोठ्या डॉक्टरीणबाईंना वॉर्डाच्या खिडक्यांसमोर तळहाताएवढे लाल गुलाब हवे होते.

"बाई, हे उन्हात टिकायचे नाहीत."

"पाणी वाढवा."

काकांनी ते लावले, पाणीही वाढवलं. आठवड्यात फुलं जळक्या कागदासारखी झाली. त्याच वॉर्डात नर्स असलेली त्यांची लेक चिडली. "अण्णा, भांडा ना जरा!"

"भांडायला दम लागतो गं."

कुणाला न विचारता, दोन सकाळी खपून, त्यांनी आपली कलमं खिडक्यांसमोर आणून लावली. ती फुलल्यावर एका दुपारी बाई तिथे थांबल्या.

"हेच आधी का नाही लावलंत?"

लेकीने खिडकीतून बापावर डोळे वटारले. काका "चुकलंच, बाई," एवढंच म्हणाले आणि सावली गाठून बसले. बरं वाटत होतं, पण हसायचंही त्राण उरलं नव्हतं.