बोटभर आखूड पट्टा

“हसताय काय, सरूआत्या? बोटभर कमी पडतोय पट्टा. न्हाईतर म्या कवाच लाँच सोडली असती!”

“मग वढ की जोरानं. भाकर खाल्ली न्हाईस व्हय?”

भाटघर धरणाच्या पाण्यावर लाँच चालवणाऱ्या कोंडिबानं पट्टा पुन्हा ताणून पाहिला. वर फळीवर म्हातारी सरूआत्या बाजाराची पिशवी घेऊन पलीकडं जायला बसली होती. जुना पट्टा आज सकाळी तुटला आणि मालकानं एसटीनं धाडलेला नवा आखूड निघाला. डायनामो आणि इंजिन गार ठेवणारा पाण्याचा पंप, दोन्ही त्या एकाच पट्ट्यावर. त्याच्याबिगर लाँच हाकली तर अर्ध्या पाण्यात इंजिन तापून बसायचं.

भोरच्या बाजारचा दिवस. पलीकडच्या धक्क्यावर त्याची लेक अंजना येऊन उभी असणार. लेकीला मूल होईस्तोवर बापानं तिच्या घरचं पाणी पिऊ नये, ही रीत. लगीन होऊन तीन वर्षं झाली, पाळणा हलला नव्हता. कोंडिबानं तिचा उंबरा अजून पाहिला नव्हता. आठवड्यातून एकदा, माणसं चढत-उतरत असताना धक्क्यावर दिसेल तेवढीच त्याची लेक. तीही सासूला सरपणाचं निमित्त सांगून आलेली.

बोल्ट सैल करून डायनामो त्यानं इंजिनाकडं पार रेटला होता. आता पहारीनं पट्टा उचकून पुलीवर चढवावा, असं मनात आलं. पण कड फाटली तर हा आठवडा गेलाच.

“आत्या, खाली या. हँडल मारा. दमानं, बरं का.”

“सकाळधरनं बाजार फिरले, आता इंजिन फिरवू व्हय रं?” म्हणत म्हातारीनं पदर खोचला.

इंजिनाच्या आणि पंपाच्या पुलीवर पट्टा घालून कोंडिबानं तो डायनामोच्या पुलीच्या कडेवर नुसता टेकवला. हँडल हलकं फिरावं म्हणून एका हातानं इंजिनाची लिव्हर उचलली, दुसऱ्यानं पट्टा दाबून धरला. हँडल फिरलं तसा पट्टा कड चढत गेला आणि थाडकन खाचेत बसला. कोंडिबाचं बोट निघालं, कातडं तिथंच राहिलं.

लाँच पलीकडं लागली तेव्हा दीड तास उशीर झालेला. धक्क्यावर अंजना नव्हती. वर चढणीला मोळी घेतलेली एक बाई चालली होती. इंजिनाचा आवाज ऐकून ती थांबली. मोळीखाली मान वळेना, म्हणून अख्खी फिरली. अंजनाच. पण इतक्या लांबनं तोंड काही दिसेना. कोंडिबानं हात वर केला. मोळीवरचा तिचा एक हात सुटला, जरासा हलला. मग ती सासरच्या वाटेला लागली.

पळत गेला असता तर गाठली असती. पण धक्क्यावर भोरला निघालेली माणसं खोळंबली होती.

“चढा, चढा! पोती मधी ठिवा,” असं ओरडत कोंडिबानं दोर सोडला.