ट्रायलच्या खोलीतलं इंग्रजी

मार्गशीर्षातली थंडी म्हैसुरात फार काळ मुक्काम करत नाही, पण येते ती अवरेकायीचा वास अंगावर घेऊनच. दवात भिजलेल्या वालाच्या त्या हिरव्या शेंगांचे ढीग भल्या सकाळी रस्त्याच्या कडेला ओतलेले असतात, आणि त्यांचा तेलकट, रानवट गंध कुवेंपुनगरातल्या आमच्या गल्लीत शिरून, कुणाला न विचारता घराघरात जाऊन बसतो. शेंगा सोललेल्या बोटांना तो दिवसभर सोडत नाही. मी काही त्या वासाची मोठी चाहती नाही. पण अलीकडे तो आला की मला इंग्रजीची क्रियापदं आठवतात, आणि क्रियापदांपाठोपाठ अण्णा.

अण्णा म्हणजे माझे वडील. आमचं घराणं शिंप्यांचं, कोण जाणे कोणत्या पिढीत मराठी मुलखातून इकडे उतरलेलं. घरात मराठी, दुकानात कन्नड आणि भांडणात दोन्ही. अण्णांनी जन्मभर बायकांचे आणि लेकरांचे कपडे शिवले. वय झालं तसं दुकान बंद करून मशीन त्यांनी घराच्या मागच्या खोलीत आणलं आणि कोपऱ्यात पडदा लावून ट्रायलची जागा केली. पुढच्या खोलीत माझा इंग्रजी संभाषणाचा वर्ग भरतो. सरगूर, एच. डी. कोट्याकडची, शिक्षणासाठी शहरात राहिलेली मुलंमुली त्यात असतात. भिंतीच्या एका अंगाला मशीनची घरघर आणि दुसऱ्या अंगाला त्यांचं सामूहिक पाठांतर, अशी आमच्या घराची दुपार असते.

या मुलांना सगळ्यांत जास्त छळतात ती जोडीची क्रियापदं. 'लुक' म्हणजे पाहणं, हे कुणालाही कळतं. पण त्याच्या मागे 'आफ्टर' येऊन उभं राहिलं की ते सांभाळणं होतं, 'फॉर' आलं की शोधणं, आणि 'डाउन ऑन' आलं की एकदम तुच्छ लेखणं. एवढ्याशा शब्दाच्या सोबतीनं माणसाचा स्वभाव पालटावा, तसं ते क्रियापद पालटतं. मुलं वैतागतात तेव्हा मी त्यांना सांगते की आपणही काही कमी नाही. आपण गोष्ट मनावर घेतो, मनात ठेवतो, मनातून काढून टाकतो, आणि परक्यानं यातलं काय काय पाठ करायचं? मुलं हसतात, आणि जरा वेळ धीर धरतात.

एका दुपारी मुलं गेल्यावर फळ्यावर अजून 'गेट अप' आणि 'पुट ऑफ' तसंच होतं, खिडकीतून तिरकं, मधाच्या रंगाचं ऊन त्याच्यावर पडलं होतं, आणि अण्णा गळ्यातली टेप न काढताच मागच्या बाकावर येऊन बसले.

"मला पण थोडं शिकीव गं," ते म्हणाले. "पोरीशी बोलायपुरतं. अष्टे."

अष्टे, म्हणजे एवढंच. पण ते एवढंच किती मोठं होतं ते मला ठाऊक होतं. पोरगी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची अनया, मेलबर्नला जन्मलेली. वहिनी दुसऱ्या भाषेची, त्यामुळे त्यांच्या घरात इंग्रजीच चालते. मागच्या खेपेला अनया फार लहान होती. अण्णा जवळ गेले की आईच्या मागे लपायची, आणि अण्णा मराठीत, मग कन्नडात, मग नुसत्या हातवाऱ्यांत तिला बोलावून थकायचे. आता नाताळच्या सुट्टीत ती पुन्हा येणार होती, आणि दादानं फोनवर सांगून ठेवलं होतं की यानंतर काही वर्षं येणं जमेलसं दिसत नाही. अण्णांच्या हाताला कंप सुरू झाला होता. आपण या पोरीच्या आठवणीत राहावं, आजोबा म्हणून, चेहरा आणि आवाज असलेला माणूस म्हणून, एवढीच त्यांची इच्छा होती.

मी शिकवायला बसले खरी, पण माझी सगळी विद्या त्यांच्यापुढे तोकडी पडली. चित्रं दाखवली, वाक्यं लिहून दिली. सकाळी पाठ झालेलं संध्याकाळी सपशेल पुसलेलं असायचं. शेवटी त्यांनीच आपल्या पद्धतीनं मार्ग काढला. गिऱ्हाईक ट्रायलला येतं त्या क्रमानं त्यांनी ती क्रियापदं एकामागून एक ओवली. कम इन. सिट डाउन. स्टॅंड अप. पुट ऑन. टर्न राउंड. टेक ऑफ. आणि शेवटी कम बॅक. कारण पहिल्या ट्रायलला कपडा झाला असं कोणत्या शिंप्याच्या हातून झालंय? गिऱ्हाइकानं पुन्हा यायचंच असतं, आणि सांगितलेल्या दिवशी आलं तरी कपडा तयार नसतोच.

साखळी पक्की झाली, पण तिच्यातली एकच कडी सुटी काढणं त्यांना काही केल्या जमेना. 'टर्न राउंड' हवं असेल तर 'कम इन'पासून सुरुवात करावी लागे. मधे घालायला 'चिअर अप', 'वेक अप' अशी कितीतरी गोड क्रियापदं मी सुचवली. ट्रायलच्या खोलीत त्यांना जागाच नव्हती.

अनया आली. उंच झालेली, दोन दात पडलेले, अनोळखी घरात पाय ठेवताना दाराशी अडखळलेली. पहिल्याच दिवशी जेवायच्या वेळी अण्णांना तिला 'सिट डाउन' म्हणायचं होतं. पाटाशी उभ्या असलेल्या त्या पोरीकडे पाहून ते गंभीरपणे म्हणाले, "कम इन." तिनं जरा विचार केला, आणि सरळ बाहेर जाऊन पुन्हा आत आली. मग बसली. मग 'स्टॅंड अप' आल्यावर उठली. ताटं तशीच राहिली आणि त्या दोघांचा खेळ मात्र सुरू झाला, तो त्या सुट्टीत मग थांबलाच नाही. एकदा मेलबर्नच्या मांजराच्या आठवणीनं ती मुसमुसत होती. अण्णांनी तिला पहिल्यापासून साखळी म्हणून दाखवली, आणि 'टर्न राउंड'ला गिरकी घेताना ती हसली.

याच खेळात तिचा निळा फ्रॉक शिवून झाला. शिवणीत, पट्ट्यात, खालच्या दुमडीत अण्णांनी इतकी माया, म्हणजे जादा कापड, सोडली होती की तो आतून वाकळेसारखा जाड झाला. वाढत्या अंगाच्या लेकराचा कपडा आमच्याकडे असाच शिवतात. वर्ष सरलं की उसवून मोठा करायचा. वहिनीनं हळूच मला सांगितलं की आतलं कापड टोचतंय, कापता येईल का. मी अण्णांना विचारलं. त्यांनी मऊ मलमलीचं अस्तर लावून दिलं, पण आतल्या कापडाला कात्री लावली नाही.

संक्रांतीचे तीळगूळ वाटून झाले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दारात गाडी उभी राहिली. अवरेकायीचा वास ओसरू लागला होता. चामुंडीच्या डोंगरावर धुक्याची विरळ ओढणी उरली होती. दादा पाया पडला, वहिनी पडली. अनया निळ्या फ्रॉकमध्ये मागच्या सीटवर जाऊन बसली. अण्णांना तिला एकच म्हणायचं होतं, साखळीतलं शेवटचं, पण ते एकटं येत नव्हतं. फाटकाचा गज धरून ते हलक्या आवाजात पहिल्यापासून म्हणू लागले. कम इन, सिट डाउन, स्टॅंड अप. दादाला घाई होती. 'पुट ऑन'ला गाडी हलली, 'टर्न राउंड'ला गल्लीच्या वळणाशी पोचली. अण्णांचे ओठ नुसते हलत राहिले.

मग खिडकीतून एक डोकं बाहेर आलं. अगदी अण्णांच्या सुरात, त्यांचेच हेल काढत ती ओरडली, "टेक ऑफ! कम बॅक!"

गाडी वळली. धूळ बसेपर्यंत आम्ही तिथंच उभे होतो.

"ते मला म्हटलं तिनं," अण्णांनी विचारलं, "का सुम्मे धडा पुरा केला?"

नुसताच धडा पुरा केला असेल, कदाचित. वर्षानुवर्षं हेच शब्द लोकांना शिकवणारी मी, मला सांगता आलं नाही. ते मागच्या खोलीत गेले.

संध्याकाळी माझा वर्ग सुटल्यावर ते पुन्हा मागच्या बाकावर येऊन बसले. उसवून मोठं करायला इंग्रजीत काय म्हणतात, असं त्यांनी विचारलं. 'लेट आउट', मी सांगितलं. त्यांनी ते दोनदा पुटपुटून पाहिलं. मग डोळे मिटून, बोटं गुडघ्यावर ठेवून, ते अगदी पहिल्यापासून सावकाश म्हणू लागले, आणि 'कम बॅक'शी आल्यावर या वेळी थांबले नाहीत.